बाळच्या मागच्या चार गाड्या

३ नोव्हेंबर

भावोजी, स. न. वि. वि.

आज एका घोर अन्यायाला वाचा फोडण्यासाठी मी पेन हातात घेतलं आहे. मागच्या खेपेला तुमच्या गाडीतून ताईला बिस्किटांचा डबा पाठवला होता. स्टीलचा, गोल, घट्ट झाकणाचा. डबा परत आला. झाकण आलं नाही. मी थांबले, मनाची समजूत घातली की झाकण मागच्या गाडीनं येत असेल. मागच्या गाडीनं आलं ते कुणाच्या तरी कुकरचं झाकण. भावोजी, झाकण नसलेला डबा म्हणजे वाटी. मी वाटी पाठवली नव्हती. याहून क्षुल्लक कारणांवरून मोठमोठी घराणी एकमेकांच्या उरावर बसली आहेत, एवढं ध्यानात ठेवावं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण ड्रायव्हरांच्या फोनवरचं बोलणं कंपनी टेप करते आणि वरच्या मजल्यावर माझ्या झाकणाची चर्चा झालेली मला खपणार नाही. चालानांच्या पाकिटातलं पत्र मात्र सुखरूप जातं, कारण या इमारतीत कुणी काही उघडून वाचत नाही.

आता दुसरा, किरकोळ विषय. घाटात परवा पुन्हा गाडी लुटली. आपली नाही, शेजारच्या कंपनीची. पण माल तोच, इन्सुलिनची इंजेक्शनं. ड्रायव्हर तुमच्याच वयाचा. थंड पेटीच्या कुलपाचा आकडा सांगत नाही म्हणून त्यांनी त्याचा उजवा हात गाडीच्या दारात धरला आणि दार लावलं. एकेक बोट. बिचारा आकडा सांगायला तयार होता हो, पण त्याला ऐकू कमी येतं. प्रश्न काय आहे हे त्याला तिसऱ्या बोटाला कळलं.

हे सगळं का होतंय, हे सांगायला कंपनीनं एक सल्लागार आणला आहे. वय एकोणतीस. या इमारतीत बऱ्याच वर्षांनी तरुण माणूस दिसला म्हणून हिशेब विभागातल्या बायका काम नसताना वर चकरा मारतात. त्याच्या तक्त्याचं नाव आहे ‘दीर्घकालीन सामाजिक बदल आणि पुरवठ्याचे धोके’. मुलं कमी जन्मली. जन्मली ती शिकली. शिकली ती पडद्यासमोर बसली. गाडी चालवायला कुणी उरलं नाही. उलट औषध घेणारे वाढले. आपल्या ड्रायव्हरांचं सरासरी वय अठ्ठावन्न. रस्त्याकडची छोटी दुकानं बंद झाली, घरात कुणी महिन्याची औषधं भरून ठेवत नाही, आणि सगळं शहर एका गोदामावर आणि एका घाटावर जगतंय. यातलं एकही वाक्य खोटं नाही, हाच त्याचा वैताग आहे.

तर तो विचारतो, आणि त्याच्या वतीनं मी विचारते: तुम्ही पाच गाड्या एकमेकींच्या शेपटीला धरून का जाता? पाच एकत्र म्हणजे गेल्या तर पाचही जातील. आणि त्या बाळच्या गाडीला मागे दोन जादा लाल दिवे कशाला? नियमात बसत नाहीत. सेहेचाळीस वर्षांच्या, जावई आलेल्या माणसाला तुम्ही सगळे बाळ म्हणता ते मी सोडून दिलं, तोच तुमच्यात धाकटा आहे म्हणून. दिवे सोडणार नाही. रवानगी विभागाची प्रमुख या नात्यानं मला लेखी उत्तर हवं.

ताईला सांगा, झाकण पाठव.

तुमची मेहुणी


९ नोव्हेंबर

मेहुणीबाई, अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या ताईचं आहे, शब्द माझे. जॅक लावताना मनगट मुरगळलं. मजकुरात कुठे मला टोमणे सापडले तर ते तिनं घुसडलेत असं समज.

झाकण सापडलं. बाळनं त्यात नटबोल्ट ठेवले होते. तीनदा घासून पाठवतोय. ग्रीसचा वास आला तर ती बाळची आठवण म्हणून ठेव.

त्या बोटंवाल्याला मी बघून आलो. त्याचा पंजा बघितलास तर दोन दिवस जेवण जाणार नाही. बायको त्याला भरवत होती आणि तो म्हणत होता, “दुसरा हात आहे, पुढच्या महिन्यात येतो कामावर.” त्याला माहीत आहे, कंपनी घेईल. दुसरं आहे कोण?

एकत्र का जातो म्हणतेस. अगं, म्हाताऱ्या माणसांना सोबत लागते. आम्हा मागच्या चौघांत मिळून दहा दात खरे आहेत. एकानं विनोद केला की चौघांना हसायला पुरतो.

आणि खरंच ऐकायचं तर ऐक, ताई हे लिहायला तयार नव्हती. गेल्या आठवड्यात आमच्यावरही आले होते. दगड आधी, माणसं मागून. एक जण बाळच्या बॉनेटवर चढला आणि पहारीनं काच फोडली. बाळ पाना घेऊन खाली उतरला. मी मागच्या गाडीत होतो, मला फक्त आवाज आला, नारळ फुटावा तसा. ते पळाले. पळता पळता त्यांच्यातला एक दम लागून दगडावर बसला होता, तोही पन्नाशीचाच असेल, बाळ म्हणाला. ज्याला पाना लागला तो रस्त्यावरच पडून होता, जिवंत होता. बाळ गाडीमागे जाऊन ओकला, मग म्हणाला, “काका, चला, बर्फ वितळतोय.” आम्ही गेलो. तक्रार केली नाही. तक्रार केली की गाडी अडकते, माल कुजतो, मग शहरात काय होतं ते तुला माहीत.

पाच होतो म्हणून सुटलो. हे तुझ्या एकोणतीसला सांग.

दिव्यांचं काय, बाळला हौस आहे. कुणाला मिशा ठेवायची असते, याला दिवे लावायची.

तुझे भावोजी

(मनगटाला काहीही झालेलं नाही. — ताई. हे वाक्य त्यांना वाचून दाखवलेलं नाही.)


२४ नोव्हेंबर

भावोजी,

मनगटाला काही झालं नाही म्हणजे काय झालं, हे मला दोन आठवडे समजेना. आता समजलं. दगड आधी, माणसं मागून. तुम्ही मागच्या गाडीत बसून आवाज ऐकत होतात म्हणे! तुम्हाला मारलंय. हात मोडलाय, आणि मला घोर लागू नये म्हणून नवरा-बायको मिळून नाटक करताय. ताईला खोटं बोलता येत नाही म्हणून ती कंसात बोलते. मी काही कुक्कुलं बाळ नाही.

इथलं ऐका. तुमची गुरुवारची खेप धुक्यामुळे एक दिवस उशिरा आली. एकच दिवस. त्या दिवशी सकाळी चौकातल्या औषधाच्या दुकानापुढे रांग होती. सगळे साठीच्या पुढचे. दंगल करायलासुद्धा या शहरात तरुण उरलेला नाही. दुकानदारानं शटर अर्धं उघडून सांगितलं की इंजेक्शन उद्या. मागून कुणीतरी ओरडलं, “आत लपवलीत!” मी गोदामातून हिशेबासाठी गेले होते, समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. पहिला वार चार पायांच्या काठीचा. दुकानातल्या माणसाच्या कानशिलावर. तो शटरखाली पडला, आणि आत घुसणारे त्याच्यावरून गेले. वॉकर घेऊन गेले, भावोजी. वॉकरचे पाय त्याच्या पोटावर टेकवत टेकवत. एक निवृत्त मुख्याध्यापिका एका बाईच्या हाताला चावली आणि पिशवी घेऊन निघाली. मला बघून “काय, बरी आहेस ना?” असंही म्हणाली. दुकानातला माणूस संध्याकाळी गेला. त्याला पाहायला पोलीस आले ते दोघंही जिना चढताना थांबत होते.

आत काही नव्हतं. डोळ्यांचे थेंब आणि कफाचं औषध.

म्हणून मीटिंग झाली आणि मी हो म्हटलं. सल्लागारानं नाही, मी. यापुढे गाड्या सुट्या निघतील, दोहोंमध्ये अर्ध्या तासाचं अंतर. बाळची पहिली, कारण तो धीट आहे. तुमची दुसरी. एक अडवली तरी चार पोचतील. आणि घाटात कुणासाठी थांबायचं नाही. हात केला, आडवा पडला, रडला, तरी नाही. रस्त्यात उभा असेल तर तो हटेल, हे लुटारूंनाही कळतं. पत्रक सोबत जोडलं आहे, त्यावर सही माझी आहे.

तुम्ही रागवाल. रागवा. पुढच्या वेळी ते दार तुमच्या हातावर लागलेलं मला ताईला कळवायचं नाही.

आणि ते दिवे काढायला सांगितलेत बाळला. दुरून गाडी ओळखू येते त्यानं.

मेहुणी


२८ नोव्हेंबर

मेहुणीबाई,

मला कुणी मारलेलं नाही. तुझ्या ताईची शपथ. ती समोर बसून लिहितेय.

पत्रक मिळालं. चौघांनाही वाचून दाखवलं, म्हणजे बाळनं दाखवलं. मग एक जण म्हणाला, “बाई शहाणी आहे, पण घाट चढलेली नाही.”

एक मागणं आहे. आजवर तुझ्याकडे कधी मागितलं नाही. तुझ्या लग्नात माझ्या नावाचा कोट शिंप्यानं दुसऱ्याला दिला तेव्हाही गप्प बसलो. मला बाळच्या मागे राहू दे. अर्धा तास नको. अगदी मागे. बाकीच्या तिघांचं आम्ही काहीतरी बघू. एवढा हिवाळा जाऊ दे. उन्हाळ्यात माझं पेन्शन लागतं, मग गाडीची किल्ली तुझ्या टेबलावर आणून ठेवीन आणि आयुष्यात पुन्हा घाटाचं नाव काढणार नाही.

का, ते विचारू नकोस. तू माझी मेहुणी आहेस, पण त्या खुर्चीत बसलीस की कंपनी आहेस. मेहुणीला सांगितलं की ते कंपनीला कळतं, दोघींना कान एकच.

दिवे तरी राहू दे गं.

भावोजी


५ डिसेंबर

भावोजी,

शाब्बास!

तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण सोबतीशिवाय करमत नाही यापलीकडे त्यात मला कारण सापडलं नाही. आज मी बरोबर होते असं म्हणायची सोय झाली आहे, पण म्हणवत नाही.

बाळ गेला. तुम्हाला कळलंच असेल. गाडी फोडलेली, पेटी रिकामी, आणि तो गाडीपासून बराच खाली, वळणाखालच्या रस्त्यात पडलेला. हात मोडलेला, डोक्यावर पहारीचे घाव, आणि अंगावरून गाडी गेलेली. पोलिसांच्या मते लुटारूंनी पळताना स्वतःच्या गाडीखाली घातला. माणसं नाहीत ही. मागच्या दोन गाड्या धुकं बघून पायथ्यावरून परत फिरल्या. एक कठड्यावर आदळली, ड्रायव्हरची कंबर मोडली.

पोचली फक्त तुमची. एकटी. भावोजी, तुमच्या त्या एका गाडीनं दोन हॉस्पिटलं आणि चौकातली सगळी रांग वाचली. मागे जी मुख्याध्यापिका चावली होती तिनं आज गोदामाच्या फाटकावर फुलं ठेवली. वरच्या मजल्यावर तुमचा सत्कार ठरतोय. सल्लागारानं तुमची गाडी तक्त्यावर हिरव्या रंगात दाखवली आणि बाकीच्या लाल. पत्रकाप्रमाणे वागल्याचा हा पुरावा, म्हणाला.

पायथ्याला तुमचा ठिपका थांबलेला पडद्यावर दिसला म्हणून मी फोन केला, चढ्या आवाजात बोलले. मनावर घेऊ नका. वरचे ऐकत होते. तुम्ही नुसतं “बरं” म्हणालात आणि निघालात, त्याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात. थांबला असतात तर ही एक खेपही आली नसती.

बाळच्या बायकोला कंपनी फक्त सांत्वनाचं पत्र देते आहे. दरोड्यात मेला तर जबाबदारी कंपनीची नाही, असं नियम सांगतो. मी भांडतेय.

ताईला सांगा, तिचा नवरा शूर आहे.

मेहुणी


१५ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र माझं आहे. शब्दही माझेच.

तुझं शाब्बास मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

त्यांना दिसत नाही गं. काचबिंदू. दोन वर्षं झाली, कडेनं काळोख येत येत मधे आता नळीएवढं उरलंय. धुक्यात तेही नाही. लाल दिवा तेवढा कळतो. म्हणून बाळनं दिवे लावले होते. बाळला दिसायचं, मागचे चौघे त्या दिव्यांच्या मागून जायचे. एकाला मोतीबिंदू, एकाच्या एका डोळ्यात काचेचं बुबुळ. तू विचारत होतीस ना पाच गाड्या का? पाच नव्हत्याच. गाडी एक, आणि तिच्या मागे बांधलेल्या चार.

कंपनीचे डॉक्टर दर वर्षी डोळे तपासायचे. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता कित्येक वर्षांत बदललेला नाही. बाळ सगळ्यांकडून पाठ करून घ्यायचा, वरून खाली आणि खालून वर. मीही ऐकून पाठ केलाय. डॉक्टरांना कळत नव्हतं असं नाही. नापास केलं तर गाडी चालवणार कोण? त्यांनाही पास करायला दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

त्या दिवशी हे पायथ्याच्या हॉटेलात थांबले होते. धुकं उठेल किंवा कुणाची तरी गाडी येईल, कुणाचीही, मागून जाता येईल म्हणून. तुझा फोन आला. टेप होतोय म्हणून हे काय सांगणार? बरं म्हणाले आणि उठले, पाठ झालेल्या वळणांच्या भरवशावर.

वर पांढऱ्यात काहीतरी हललं. हात करत होतं. तुझ्या पत्रकात होतं, थांबायचं नाही, रस्त्यातला माणूस हटतो. यांनी पाय दाबला. तो हटला नाही. बाळला लुटारूंनी मारून टाकून दिलं होतं, तरी मोडका हात घेऊन तो खाली चालत आला. मागून कोण येतंय आणि त्याला काय दिसतं, हे त्यालाच ठाऊक होतं. थांबवायला आला होता.

यांना दणका बसलेला कळला. लुटारू असेल म्हणून मनाला सांगत गोदामापर्यंत आले, माल उतरवला. घरी आल्यावर गाडी धुताना पुढच्या जाळीत हाताला कानटोपी लागली. बाळसाठी मी विणलेली. टाका हातालाच ओळखू येतो. मी बाहेर आले तेव्हा हे चाकाशी बसून ते पाणी हातानं मागे ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी बाळच्या घरी गेले, मी मागे मागे. दारातच सगळं सांगितलं. त्याची बायको आत निघून गेली. जावई उठला. त्यानं आधी बुक्की मारली, मग खुर्ची उचलली. हे खाली पडले तर लाथा. मी ओरडले, शेजारी आले, पण कुणी मधे पडेना. यांनी एकदाही हात वर केला नाही. जबडा मोडला, तीन बरगड्या. जावई दमला तेव्हा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला, आणि यांनी त्याला जमिनीवरून, तोंडातून रक्त येत असताना, “पाणी पी” म्हटलं.

आता जबडा तारेनं बांधलाय. हॉस्पिटलात नेईपर्यंत बोलत होते, एकच. पोलिसांना सांगतो. मधेच, हॉटेलवाल्याचे चहाचे पैसे राहिले, दोन झाले होते. मग पुन्हा पोलिसांना सांगतो.

जावयानं कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही म्हणाला. तुमचं सत्काराचं पत्र आलंय, ते टीव्हीखाली ठेवलंय. गप्प बसलो तर पेन्शन राहतं, हे राहतात. पण बाळच्या बायकोला काही मिळत नाही. सांगितलं तर तिला मिळेल, कारण मारलं कंपनीच्या गाडीनं, कंपनीच्या हुकमावर. आणि यांना तुरुंग.

तू शहाणी आहेस. तुला बोल लावत नाही. मीच कंसात लिहीत बसले, सरळ लिहिलं नाही. आता मात्र तू सांग, काय करू. मेहुणी म्हणून सांग नाहीतर कंपनी म्हणून, पण सांग.

ताई


२५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी गोदामात, खोक्यांच्या दोन रांगांमध्ये उभी राहून वाचलं. मग आणखी एकदा. मग कुणीतरी सही मागायला आलं तेव्हा सही केली, आणि कशावर केली ते आजतागायत कळलेलं नाही.

उत्तर कागदावर देण्याजोगं नव्हतं म्हणून तशीच निघून आले. पोलिसांकडे आपण तिघं गेलो ते तुला माहीत आहे. भावोजींनी जबड्याच्या तारेतून ‘हो’ आणि ‘मी’ एवढंच सांगितलं, बाकीचं मी. त्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस. बरोबरच होतं. परत आल्यावर इथे काय झालं ते तुला कळलेलं नाही, ते लिहिते.

मी मीटिंग बोलावली आणि तो टेप लावला. माझाच आवाज. “भावोजी, तुमचा ठिपका हलत नाहीये. निघा. आणि वर कुणासाठी थांबायचं नाही, समजलं?” मग त्यांचं “बरं”. तो शब्द मी त्या दिवशी आज्ञाधारक समजले होते. टेपवर ऐकलं तर कळतं, माणूस विहिरीत उतरताना म्हणतो तसं ते म्हणालेत.

मग सल्लागार पडद्यापाशी गेला. म्हणाला, म्हणजे पाच गाड्या आधीही वेगळ्या नव्हत्या, पाचही एका जोडी डोळ्यांवर चालत होत्या, आणि हा धोका आपल्या तक्त्यात नव्हताच. त्यानं तिथल्या तिथे एक नवी ओळ घातली. रंग कोणता द्यावा, असं मला विचारलं. ताई, टेबलावर पाण्याची काचेची बाटली होती. मी ती त्याच्या पडद्यावर फेकली. काच उडून त्याच्या गालाला लागली, बरंच रक्त आलं. टाके घालायला तोच आपला डॉक्टर आला, तक्त्यावाला. मी माफी मागितली. मुलगा वाईट नाही. तो म्हणाला ते सगळं खरं होतं, फक्त त्यात माणसं नव्हती.

बाळच्या बायकोचे पैसे मंजूर झाले. हुकूम माझ्या सहीचा, म्हणून जबाबदारी कंपनीची. नियमानंच ते काढून दिलं. ती गोदामात येऊन कागद घेऊन गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले तर तिनं दार माझ्या तोंडावर लावलं. हात मी वेळेवर काढला.

भावोजींचं पेन्शन थांबलंय. वकील म्हणतो तुरुंग बहुधा टळेल, हुकमाचा कागद त्यांच्या बाजूनं आहे. म्हणजे पुढे कधीतरी माझी पाळी. तेही ठीक.

यापुढचं वाचताना असं समजू नकोस की खरं बोलल्यावर सगळीकडे उजाडलं. डोळे तपासायचा नवा तक्ता आणला. एक्केचाळीस ड्रायव्हर, पास झाले नऊ. बाकीचे घरी. दोन आठवडे औषधं आली तर आली. तिसऱ्या आठवड्यात चौकातल्या रांगेतले सगळे आपल्या फाटकावर आले. मुख्याध्यापिका पुढे. फुलं नव्हती, विटा होत्या. चौकीदाराच्या खोलीला आग लावली, तो खिडकीतून पडला आणि पाय मोडून घेतला. एक वीट माझ्या कपाळावर. पाच टाके. खाली बसले तर बाई माझ्या शेजारी वाकल्या आणि कानात म्हणाल्या, “मला इंजेक्शन नाही मिळालं तर सोमवारपर्यंत मी नसेन, म्हणून गं.” आणि पुन्हा वीट उचलली. सोमवारी त्या खरंच नव्हत्या.

मग मीच तोडगा काढला, तोही लाजिरवाणाच आहे. ज्यांना अंधूक दिसतं अशा ड्रायव्हरांच्या शेजारी दिसणारं माणूस बसवायचं. आता दिसणारी माणसं आणायची कुठून? हिशेब विभागातल्या बायका तयार झाल्या. त्यांतल्या दोघींना गाडी लागते, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बसतात. मलाही कामावरून काढलेलं नाही. काढलं तर माझ्या जागी येणार कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आहेच. मी स्वतः मागितलेली जागा खालची आहे. त्या काचेच्या बुबुळवाल्या काकांच्या शेजारची.

काल पहिल्यांदा घाट चढले. “उजवीकडे वळण, काका. अजून. आता सरळ. आता डावीकडे दरी आहे, माझ्या बाजूला.” घसा बसला. काका म्हणाले, “बाई, जरा हळू ओरडा, मी आंधळा आहे, बहिरा तो दुसरा.” वळणाखाली ती जागा आली तेव्हा त्यांनी न सांगता वेग कमी केला. रस्त्यावर काही नाही आता. कठड्याला कुणीतरी कापड बांधलंय. तिथे एक माणूस उभा होता, हात करत. खरंच, उभा होता. काकांनी विचारलं, “काय आहे?” मी नीट बघितलं आणि म्हटलं, “म्हातारा आहे. हातात काही नाही. थांबा.” थांबलो. त्याची स्कूटर बंद पडली होती. त्याला खालपर्यंत आणलं. वाटेभर तो आम्हाला घाबरून दाराला चिकटून बसला होता.

उतरताना पायथ्याला धुकं दाटलं म्हणून हॉटेलात बसलो. मी मालकाला विचारलं, गेल्या महिन्यात एक जाड चष्म्याचे ड्रायव्हर इथून घाईनं उठून गेले होते का. त्याला आठवत होतं. त्यानं विचारलं नाही मी कोण, मीही सांगितलं नाही. म्हणाला, “दोन चहा झाले होते. दुसरा अर्धाच घेतला हो त्यांनी. एकाचेच द्या.”

मी दोन्हीचे दिले.

धाकटी